कोंबड्यांनी छेद खाल्ला त्याची हकिकत

तीर्थरूप मामा यांस,

मुंगळीचा शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तो तूर्त मनातल्या मनात घातला आहे, तुम्ही अंगणभर घातलेला समजून घ्यावा.) इकडे सर्व क्षेम आहे, आणि जे क्षेम नाही ते पुढे लिहीतच आहे. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी पायमशीन बंद करायला सांगितलं तर तुम्ही डॉक्टरच बंद केलात, असं मामींनी कळवलं. मामींचं पित्त, नव्या जावयांची नोकरी, दुकानासमोरचा पोपट (अजून तुमच्याच आवाजात खोकतो का?), सगळ्यांची खुशाली सविस्तर लिहावी. आईची तब्येत उत्तम आहे. ती तुमची आठवण काढत नाही. दिवसातून चार-पाच वेळा तरी मुद्दाम काढत नाही.

हे पत्र मी विटांच्या ढिगावर बसून लिहीत आहे, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर दोष विटांना द्यावा. ढिगाच्या दुसऱ्या टोकाला गवंडी बसला आहे आणि जेवणाचा डबा खातो आहे. भला माणूस आहे. सकाळी येतो, मी उठले का बघतो, उठलेली नसते, मग ओळंबा पिशवीत घालून सावलीला बसतो. आमचं भांडण नाही. त्याला भिंत बांधायची आहे आणि मला ती बांधू द्यायची नाही, एवढाच काय तो मतभेद. तुम्ही मला लहानपणी मुंगळी का म्हणायचात ते कधी सांगितलं नाहीत, पण मान तुटली तरी पकड सोडायची नाही हा मुंगळ्याचा धर्म, आणि सध्या तो मी विटांवर पाळते आहे.

कुठली भिंत, असं तुम्ही विचाराल. आपल्या बियाण्यांच्या खोलीतली. तीच ती, खळ्याच्या कडेची, जाड मातीच्या भिंतींची, एका दाराची आणि एका खिडकीची. वरच्या उतारावरचे शेतकरी आणि खालचे कालव्याकाठचे, दोघांचं बी तिथे एकाच फळ्यांवर, बरण्यांतून नांदतं; पेरायला एक माप न्यायचं आणि पीक आलं की दीड माप आणून घालायचं, हा नियम तुमच्या आजोबांच्या वेळचा. किल्ली माझ्या गळ्यात असते. यंदा गव्हात पोरकिडे निघाले. वरचे म्हणाले, खालच्यांनी बी नीट न वाळवता आणून घातलं. खालचे म्हणाले, वरच्यांच्या बरण्यांची झाकणं कधी बसतच नाहीत. मग बरण्यांची राहिली बाजूला, जुन्या गोष्टींची झाकणं निघाली, कुणाच्या बैलाने कुणाचा बांध तुडवला होता इथपर्यंत उजळणी झाली (बैल वारला, बांधही वाहून गेला, पण भांडण ठणठणीत आहे), आणि शेवटी दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत झालं: आपलं एकमत होणं शक्य नाही, सबब खोलीच्या मधोमध भिंत घालावी. आता भिंत घातली की एका बाजूला दार जाणार आणि दुसऱ्या बाजूला खिडकी. खालच्यांना आत जाता येईल, पण त्यांचं बी घुसमटून मरेल. वरच्यांच्या बियांना वारा भरपूर, पण आत शिरायचं तर खिडकीच्या जाळीतून मुंगळ्याएवढं होऊन शिरावं लागेल. हे मी भर सभेत सांगितलं. त्यावर पंप म्हणाला, "मग तू आहेसच की."

(पंप म्हणजे कालव्यावरचा पंप चालवणारा, खालच्यांचा पुढारी. त्याचं पाळण्यातलं नाव आता त्यालाही आठवत नसावं. एकदा सुरू झाला की वीज जाईपर्यंत थांबत नाही. वरच्यांच्या वतीने बोलते ती आपली आई. तिचं अगदी उलट. ती सभाभर गप्प बसते आणि शेवटचं वाक्य तेवढं स्वतःकडे ठेवते.)

तेव्हा मला तुम्ही आठवलात. गणितात माझी गाडी चिखलात रुतली होती, मास्तरांनी हात टेकले होते, आणि तुम्ही शिवणाच्या डब्यातली बटणं अंगणात ओतून दोऱ्याची दोन वर्तुळं केलीत. एकात सदऱ्याची बटणं, एकात पांढरी बटणं, आणि सदऱ्याची असून पांढरी असतील ती दोन्ही वर्तुळं एकमेकांवर चढतात त्या मधल्या जागेत. तो छेद. दोन्ही वर्तुळांतलं सगळं मिळून होतो तो संयोग. आणि डब्यात आहेत पण दोन्ही वर्तुळांत बसत नाहीत, ती बिचारी बाहेर पडून राहतात, तो पूरक संच. बटणं कमी पडली की तुम्ही घेवड्याचे दाणे घ्यायचात, ते काळ्या ठिपक्यांचे (शेंगही ठिपक्यांचीच), आणि तेच बरं पडायचं, कारण आपल्या कोंबड्या बटणंसुद्धा टोचून बघायच्या, पण त्या घेवड्याला त्यांनी कधी चोच लावली नाही. त्या वर्षी मी गणितात पास झाले. पुढे संच सोडून बाकी सगळं विसरले, पण संच मात्र मनात पक्के बसले आहेत.

मी सभेत उभी राहिले आणि म्हटलं, भिंत घालायची तर घाला, पण आधी काय कुणाचं ते तरी ठरवा. वरच्यांची पिकं एका वर्तुळात, खालच्यांची दुसऱ्यात. जे एकट्याचंच आहे ते ज्याने त्याने खुशाल न्यावं. पण मधल्या जागेत जे पडेल ते दोघांचं, आणि दोघांच्या वस्तूच्या पोटातून भिंत नेता येत नाही. पंपाने लगेच मान्य केलं, कारण त्याची खात्री होती की मधे काही पडणारच नाही. पंच कोण, तर गवंडी. तो ना वरचा ना खालचा, दुसऱ्या गावचा. त्याने एकच अट घातली, की मला गणित कळत नाही, मी शेवटी मधे जे डोळ्यांना दिसेल तेवढंच धरीन. (तेव्हा ही अट मला साधी वाटली. माणसाने साध्या अटींना भ्यावं.)

मग ठरल्या सकाळी खळ्यावर मी ठिबकच्या नळीची दोन वर्तुळं अंथरली, एकमेकांत घुसवून, आणि भोवती फक्कीने मोठा चौकोन आखला. हा चौकोन म्हणजे विश्वसंच, या गावात जे जे पिकतं किंवा कधी पिकलं ते सगळं या चौकोनात. इतकं सांगते आहे तोवर पंपाने आपली सायकल चौकोनात लावली. मी म्हटलं, सायकल पिकत नाही. तो म्हणाला, इथे गवंडीही उभा आहे, तो कुठे पिकतो? गवंडी बिचारा ओशाळून चौकोनाबाहेर गेला आणि त्याला परत आणायला मला चहा पाजावा लागला.

पुढची अडचण अशी, की प्रत्येक पिकाचा एक नमुना आणा असं सांगूनही लोकांनी पोती आणली. पंपाने तर कांद्याची अख्खी गोणी वर्तुळात ओतली. तेवढ्यात त्याच्याच बाजूच्या शिंपीणबाई आल्या आणि त्यांनी परसातला एक कांदा ठेवला. मी दोन्ही मिळून एकच कांदा धरला. संचात घटक एकदाच लिहायचा, गोणीभर असो की मूठभर, हे तुम्ही मला बटणांवरून कान पिळून शिकवलं होतं. पंप अर्धा तास बोलत होता. त्याचं म्हणणं, पाणी देता देता माझी पाठ मोडली आणि माझी गोणी व बाईंचा एक कांदा एकाच तोलाचे? मी म्हटलं, हो. संचात मोठेपणा चालत नाही, फक्त आहे की नाही एवढंच विचारतात. शिंपीणबाईंना हे गणित फार आवडलं. त्यांनी आपला कांदा उचलून गोणीच्या वर, मधोमध ठेवला आणि त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या.

खरा पेच मात्र मधल्या जागेचा पडला. मामा, दोन्हीकडे गहू पिकतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण मधे गहू ठेवायला कुणी तयार होईना. वरच्यांनी आपला गहू आपल्या वर्तुळाच्या अगदी दूरच्या टोकाला ठेवला, खालच्यांनी आपला दुसऱ्या टोकाला, आणि दोन्ही गव्हांनी एकमेकांकडे पाठ केली. मका तसाच. वाटाणा तसाच. मधे ठेवलं म्हणजे दुसऱ्याला दिलं, असा सगळ्यांचा समज. मी घसा फोडून सांगितलं की मधली जागा तुमच्या वर्तुळाच्या बाहेर नाही, आतच आहे. तिथे ठेवलेलं तुमच्याकडून जात नाही, उलट तुमचं राहून शिवाय त्यांचंही होतं. कुणी हलेना. शेवटी मी स्वतःच मधे जाऊन बसले. म्हटलं, माझे वडील खालचे आणि आई वरची, तर मला कापून अर्धी अर्धी वाटून घ्या, नाहीतर मी आहे तशी मधे राहते आणि तुमचा गहू माझ्याशेजारी ठेवा. गवंडी हसला. मग शिंपीणबाई उठल्या, दोन्ही टोकांचे दोन्ही गहू उचलून एकाच सुपात मिसळले आणि सूप माझ्या मांडीवर आणून ठेवलं. मिसळल्यावर कुठला कुणाचा हे ठेवणाऱ्यालाही ओळखता येईना. त्यानंतर बांध फुटल्यासारखं झालं. मका आला, वाटाणा आला, सूर्यफूल आलं, भोपळ्याच्या बिया आल्या. वरच्यांकडे एकट्यांचे उरले फक्त बटाटा, लसूण आणि मिरची. खालच्यांकडे कांदा, गाजर, बीट. बाकी सारं धान्य मधे. मामा, खोटं का सांगू, तो भरलेला छेद बघून मला भरून आलं. इतकी वर्षं त्या खोलीत या बरण्या पुसताना मला जे वाटत आलं होतं ते त्या दिवशी नळीच्या वर्तुळात सगळ्यांसमोर मांडलेलं होतं.

इथेच थांबून गवंड्याला निकाल विचारला असता तर आज मी विटांवर नसते. पण सगळे दमले होते, चहा तयार होता, म्हणून तो घ्यायला सगळे खोलीत गेलो. परत आलो तर छेदात कोंबड्या. आपल्याच, आईच्या. खुराड्याचं दार कसं उघडं राहिलं कोण जाणे. मिरची, लसूण, कांदा, बीट यांच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्या सरळ मधे गेल्या आणि दोघांचं म्हणून जे जे होतं ते निगुतीने वेचून खाल्लं. भूमितीच्या मास्तरांनाही इतका काटेकोर छेद काढता आला नसता. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ म्हणतात, पण तो इतक्या जणींना व्हावा हे काही बरं नाही.

गवंड्याने वाकून मधे पाहिलं. दोन पिसं होती. पिसं पीक नव्हेत, असं तो अतिशय वाईट वाटून म्हणाला. पंप गर्जला की रिक्त संच, ठरलं, भिंत. मी म्हटलं, छेद नाहीसा झालेला नाही, तो फक्त कोंबड्यांच्या पोटात गेला आहे. त्यावर पंप म्हणाला की मग कोंबड्याही मधोमध कापून वाटून घेऊ, आणि त्याच्या बाजूच्या दोघांनी खरोखरच कोंबड्यांकडे आशेने पाहिलं. मी पुन्हा मांडणी करू या म्हणून हट्ट धरला. गहू काही संपलेला नाही, आणा परत. एव्हाना लोकही वरमले होते, गवंडीही अनुकूल होता. आणि मग आई बोलली. ती म्हणाली, "सामाईक ते कुणाचंच नसतं. घेवडासुद्धा मधेच होता."

पंपसुद्धा वीज गेल्यासारखा गप्प झाला. ठिपक्यांचा घेवडा वरचे दगडी बांधावर चढवायचे आणि खालचे कालव्याच्या कडेला, हे सगळ्यांना आठवत होतं. पुढे तो कुणी पेरेनासं झालं आणि मधल्या फळीवर उरलेली त्याची एकुलती बरणी एका वर्षी दिसेनाशी झाली, हेही आठवत होतं. तेव्हा किल्ली आईकडे होती. "माझ्या हातून गेली," एवढंच तिने सांगितलं, लोकांचं बोलणं ऐकून घेतलं आणि किल्ली माझ्या गळ्यात घातली. त्यानंतर तिने सामाईक फळीवरचं बी कधी घेतलं नाही. आपलं आपण ट्रंकेत ठेवते. मामा, मला इतके दिवस वाटायचं की भिंत पोरकिड्यांमुळे येते आहे. त्या क्षणी कळलं, की ही भिंत आईने त्याच वर्षी मनात बांधायला घेतली होती, विटा फक्त आता आल्या.

निकाल असा लागला, की येत्या बाजाराच्या दिवशी गवंडी पुन्हा एकदा बघेल. पंपाला हे मान्य नाही, त्याने मधल्या काळात पाया तरी खणायला सांगितलं, म्हणून मी विटांवर आहे. मला ही खोली तुटलेली बघवणार नाही, आणि मी ती तुटू देणार नाही. जेवणाचा डबा इथेच येतो. (डबा आईच पाठवते. भिंत हवी तीही तिलाच. भाजीत मीठ अगदी बेताचं असतं, म्हणजे राग नाही.) पाऊस आला तर छत्री आहे, कंबर मोडली तर तिच्यासकट बसेन. माझी विनंती एवढीच, की कोंबडीच्या पोटात गेलेला घटक छेदात धरता येतो की नाही, याबद्दल आपलं मत उलट टपाली कळवावं. मामींना नमस्कार, पोपटाला जपावं, औषध वेळेवर घ्यावं. जास्त काय लिहू? जागा संपली, आणि गवंड्याने त्याच्याकडची चटणी पुढे केली आहे.

आपली आज्ञेबाहेरची भाची,
मुंगळी

ता. क. मत नाही कळवलं तरी चालेल. कोंबड्यांचं काय करायचं ते मी बघून घेईन. खरं कारण वेगळं आहे. जावयांचा फोटो मामींनी पाठवला होता, तुमच्या गॅलरीत काढलेला. जावई देखणे आहेत. त्यांच्या डोक्यामागे रंगाच्या रिकाम्या डब्यातून एक वेल कठड्यावर चढला आहे. मी आरोप करत नाही, मी फक्त फोटो मोठा करून पाहिला. शेंगेवर काळे ठिपके आहेत. वरच्यांकडे नाही, खालच्यांकडे नाही, पण आहे आपल्याच चौकोनातला. अशा घटकाला काय म्हणतात ते तुम्हीच मला शिकवलंत. शहरात दुकान टाकायला निघालात तेव्हा ती बरणी तुम्ही का नेलीत, ते मी विचारत नाही. इथे कुणी पेरत नव्हतं आणि तिथे तुम्ही दर वर्षी पेरता आहात, म्हणून तो जिवंत आहे, एवढं मला दिसतं. दीड मापाच्या नियमाने बघता तुमच्याकडून बरंच येणं आहे. मला मूठभर पुरे.

ता. क. दुसरा. मूठभर टपालाने पाठवू नका. स्वतः या, बाजाराच्या दिवसाच्या आत, आणि सगळ्यांसमोर आपल्या हाताने मधे ठेवा. तुम्हीही आतलेच आहात, किती दिवस दोन्ही वर्तुळांच्या बाहेर राहणार? आईने इतक्या वर्षांत तुमचं नाव कुणाहीपुढे घेतलेलं नाही, माझ्यापुढेही नाही. आणि या पत्राची तिला अजिबात कल्पना नाही, तेव्हा आल्यावर तुम्हीही सहज आलो असंच दाखवा.

ता. क. तिसरा. (हा आईच्या हातचा आहे. ती डबा घेऊन आली आणि कागद ओढून घेतला. मला वाचू देत नाही.)

कोंबड्यांचं दार मी उघडलं होतं. बाजाराच्या दिवशीही उघडणार आहे. त्या काय खातात आणि कशाला चोच लावत नाहीत, हे मी तुला सांगायला नको. सकाळची गाडी धर. दुपारच्या गाडीत बसायला जागा मिळत नाही आणि तुझा गुडघा दुखतो.

ताई